हरणीचा हात

महामायाचा ठोसा लागायचा, पण बसायचा नाही. पिंपळगाव राजाच्या ज्या जुन्या गोदामात इंद्रभान सर पोरापोरींना बॉक्सिंग शिकवत, तिथे हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा हात कधी गेला नि कधी परतला, समोरच्याला दिसत नसे; आणि लागला की नाही, तेही कळत नसे. "महामाया मारते का गोंजारते बे?" असं पोरं एकमेकांना विचारत, आणि तीही त्यांच्यात हसून घेई.

पण हे वर्ष तिच्या वयोगटातलं शेवटचं होतं. जिल्ह्याच्या चाचणीत मलकापूरच्या अनुपमाने तिला लागोपाठ दोनदा हरवलं होतं. ठोसे महामायाचे जास्त, गुण अनुपमाचे जास्त. वजन नसलेला ठोसा परीक्षक धरतच नाहीत. पुढच्या वर्षी मोठ्या बायांमध्ये उतरावं लागणार, आणि असल्या हलक्या हाताने तुला तिकडे मार खायला पाठवणार नाही, असं सरांनी तोंडावर सांगून टाकलं होतं. म्हणजे यंदा जिल्ह्याच्या संघात निवड झाली तर खेळ, नाही तर हातमोजे खुंटीला.

सर फौजेतून परतलेले, तिथे बॉक्सिंग खेळलेले. नाक जरासं एका अंगाला कललेलं. त्यांनी पावसाळाभर तिच्याकडून दंड काढून घेतले, भुसा आणि वाळू भरलेलं पोतं बडवून घेतलं. दंडाला कुर्त्याची बाही घट्ट झाली. ठोसा होता तसाच राहिला. आपलं काहीतरी चुकतंय हे सरांना कळत होतं. काय चुकतंय, तेवढं कळत नव्हतं.

डिसेंबरातल्या एका रविवारी, चाचणीआधी पोरीला कामातून जरा सूट द्या, असं सांगायला सर शेतावर आले. महामाया आणि तिची आई केसरबाई कपाशीत वेचणीला लागल्या होत्या. ऊन कोवळं होतं. केसरबाई आपल्याच नादात गुणगुणत होती:

हरणीवानी जाय हात, बोंडाशी ना घेये थारा,
काटा जागा व्हायच्या आंदी, ओटीत कापूस सारा.

सर धुऱ्यावरच, शेताच्या बांधाशी, थबकले. आईचा हात झपकन बोंडाकडे जाई आणि वाळल्या टोकाने ओरखडा काढायच्या आत कापूस घेऊन परते. शेजारच्या ओळीत लेकीचा हात, हुबेहूब तसाच. पाय जागच्या जागी, कंबर जागच्या जागी, नुसते हात. सरांना हसू फुटलं.

"जय भीम, भाऊ," केसरबाईने मान वर केली. "काऊन हसून राह्यले?"

"जय भीम, ताई. अवो, तुमची पोरगी रिंगमंधी कापूस वेचते."

"म्हंजे?"

"म्हंजे असं." सरांनी हवेत मूठ नेली आणि चटका बसल्यासारखी मागे घेतली. "समोरच्याच्या गालाले मूठ टेकली रे टेकली का परत. काटा टोचन म्हणून. म्या येडा, इच्या दंडाले दोष देऊन राह्यलो होतो."

केसरबाईचा चेहरा उतरला. ओटीतला कापूस उगाच चाचपत ती म्हणाली, "म्हंजे माह्यानंच बिघडलं म्हणा पोरीचं."

"बिघडलं?" सरांचं हसू थांबलं. "ताई, असा चपळ हात आपल्या जिल्ह्यात दुसरा नाही. मले तो जन्मात शिकवता आला नसता. हात तुमी दिला. आता पोचल्यावर घाबरून माघारी यायचं नाही, एवढंच राह्यलं."

पण नुसतं सांगून हात ऐकतो होय? लहानपणापासूनचे हिवाळे त्या बोटांत मुरले होते. महामायाने मान डोलावली, हवेत चार ठोसे मारले, आणि चारही कापूस घेऊन परतले. तिचे डोळे भरून आले.

दुपारी चहा झाल्यावर ज्वारीच्या कडब्याची गंजी रचायची होती. केसरबाई गंजीवर चढली. महामाया खालून पेंढ्या फेकू लागली आणि सर बोरीच्या सावलीत चहाचा पेला घेऊन बसले. सकाळपासून वेचून पोरीचे हात भरून आलेले. पेंढी निम्म्यावर जाई आणि खाली येई.

"अवो बॉक्सर," वरून आई म्हणाली, "पेंढी फेकून राह्यली का लग्नात फुलं टाकून राह्यली?"

सरही हसले, आणि महामायाला राग आला. हातात जोर नव्हताच. मग रागाने पायाला हाक मारली. मागचा पाय मातीत रुतला, टाच फिरली, टाचेमागून कंबर फिरली, कंबरेमागून खांदा, आणि हात बिचारे सगळ्यांच्या मागून, जत्रेला आईचं बोट धरून निघाल्यासारखे गेले. पेंढी केसरबाईच्या डोक्यावरून सणसणत गंजीच्या पल्याड पडली.

"मारतं का मले?" केसरबाई खाली बसता बसता सावरली.

सर उठून उभे होते. पेला कलंडला होता, त्यांना पत्ता नव्हता. "काय केलं आता तू?"

"काई नाही सर. हात थकले होते."

"मंग थकूच दे त्याहिले. आता मायच्या हातात नको देऊ. मायच्या पल्याड फेक. एक खेप डाव्या अंगानं, एक उजव्या."

"आन म्या काय," वरून आवाज आला, "दिवसभर पल्याड उतरू का?"

पण ती उतरली. पडलेली प्रत्येक पेंढी उचलून तिने गंजी पुरी केली, आणि दिवस मावळला.

दुसऱ्या दिवशी महामाया गोदामातून शेतावर आली, तर आई गंजी उसवून बसली होती. "वाकडी बसली होती," तिने लेकीकडे न पाहता सांगितलं. "पुन्ना रचा लागते." तिसऱ्या दिवशी गंजी पुन्हा वाकडी निघाली. मग रोजच निघू लागली. शेजारच्या शेतातले उकंडराव धुऱ्यावरून ओरडले, "केसरबाई, गंजी रचता का स्वेटर विणता?" ती म्हणाली, "तुमी आपली तूर पाहा ना, दादा." गंजी नीट बसली होती, हे महामायालाही दिसत होतं. तिने मागचा पाय मातीत रोवला आणि पेंढी उचलली. काही आभार तोंडाने मानले तर फिके पडतात.

हळूहळू गोदामातलं पोतं वेगळं बोलू लागलं. आधी ते नुसतं फटफटायचं. आता आतून हुंकारायचं, आणि वरची साखळी करकरायची. पोरांनी गोंजारण्याचा विनोद सोडून दिला.

चाचणी बुलढाण्याला होती. समोर अनुपमाच. पहिल्या फेरीत महामायाचा हात भ्याला आणि जुन्या वाटेने गेला. झपकन जाऊन झपकन परतला. ती फेरी अनुपमाची झाली. कोपऱ्यात सरांनी तिला पाणी पाजलं, ओल्या हाताने तिची टाच थोपटली, आणि एवढंच केलं.

दुसऱ्या फेरीत अनुपमा पुढे सरसावली. महामायाची टाच फिरली, कंबर फिरली, आणि उजवी मूठ गालापाशी न थांबता पल्याड निघाली. अनुपमा जागच्या जागी थिजली. रेफरी मध्ये आला आणि बोटं उचलून आकडे मोजू लागला. त्या मोजण्यात महामायाला जिंकल्यासारखं वाटलंच नाही. गंजीमागे वाकून पेंढी उचलणारी आई तेवढी दिसली.

अनुपमा सावरली, जिद्दीने खेळली. तिसऱ्या फेरीत दोघींनी काही राखून ठेवलं नाही. निकाल थोडक्या गुणांनी लागला. रेफरीने महामायाचा हात वर केला. सरांनी तोंड फिरवून बराच वेळ नाक पुसलं.

तिने बाहेर येऊन आईला फोन लावला.

"आई, निवड झाली."

पलीकडे पेंढी खाली टाकल्याचा आवाज आला. मग केसरबाई म्हणाली, "त्या पोरीले लई लागलं तं नाही ना?"

महामाया फोन हातात तसाच धरून गेली. अनुपमा पायरीवर गालाला ओला रुमाल लावून बसली होती.

"माही आई विचारते, लई लागलं का म्हणून."

अनुपमाने तिच्याकडे रोखून पाहिलं. "लागलं म्हणा. मागच्या साली तं तू माशी बसल्यावानी मारत होती." मग नजर खाली करून म्हणाली, "विचारलं म्हणून बरं वाटलं, सांग त्याहिले."

"ऐकू आलं मले," फोनमधून केसरबाई बोलली. "जेवली का विचार तिले. डब्यात दोघीपुरत्या भाकरी आहेत."

अनुपमा पायरीवर जरा सरकली, आणि महामाया तिच्याजवळ बसून डबा सोडू लागली.