कड्याला मोकळीक

भिंगांचे आराखडे काढणारी माणसं थंड डोक्याची असतात, असा एक समज आहे. ठकूला पाहिलं की तो निकालात निघतो. आज तिचं भिंग उष्णतेच्या पेटीत जाणार होतं, आणि सकाळपासून तिने प्रयोगशाळेत इतक्या येरझाऱ्या घातल्या की फिटरकाकांनी वाटेतली खुर्ची स्वतःच उचलून बाजूला ठेवली.

भिंग कसलं, बोराएवढी नळी. तिच्यात चार चिमुकली भिंगं एकामागे एक बसवलेली. ही नळी जाणार होती हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात, आणि ते हेल्मेट घालून आगीत शिरणारा माणूस म्हणजे ठकूचा सख्खा थोरला भाऊ. गेल्या हिवाळ्यात तो गारठ्यातून पेटत्या घरात शिरला, जुन्या कॅमेऱ्याचं चित्र उष्णतेने पुसट झालं, आणि बाहेर पडद्याकडे बघणाऱ्या सोबत्यांना त्याच्या डोक्यावरचं खचणारं छत दिसलंच नाही. छत कोसळलं, पण खांद्यावर निभावलं. तेव्हापासून ठकूने ध्यासच घेतला होता.

अग्निशामक दलाने दरम्यान दुसरा एक कॅमेरा बघून ठेवला होता. चित्र स्पष्ट, पण वजनाला वीट. आज ठकूचं भिंग टिकलं नाही, तर ती वीट दादाच्या त्याच दुखऱ्या खांद्यांवर बसणार होती. निवड दलाने दादावरच सोपवली होती, आणि दादा नात्यागोत्याला भीक घालणारा नव्हता.

युक्ती मात्र ठकूने फक्कड काढली होती. भिंग तापलं की चित्र जुळायची जागा केसभर मागे सरकते. म्हणून तिने धातूच्या नळीत भिंगांच्या मागे प्लास्टिकचं एक कडं बसवलं. प्लास्टिक धातूपेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे कडं फुगलं की चारही भिंगांना तेवढंच केसभर पुढे ढकलतं. मोटर नको, बॅटरी नको. जी उष्णता बिघाड करते तिलाच दुरुस्तीला जुंपायचं!

पेटी सुरू झाली. पडद्यावर भिंगातून दिसणारा काळ्या-पांढऱ्या रेघांचा तक्ता होता. थंडीत रेघा कोरल्यासारख्या दिसत होत्या. मग पेटी तापू लागली, आणि बघता बघता रेघा एकमेकींत मिसळून नुसता राखाडी धब्बा उरला.

"झालं?" हाताची घडी घालून मागे उभ्या असलेल्या दादाने विचारलं.

"थांब ना रे जरा!"

ठकूचं धाबं दणाणलं होतं. तिने आकडे पाहिले, पुन्हा पाहिले, आणि तिचे डोळे विस्फारले. कडं बसवलंच नसतं तर चित्र जेवढं बिघडलं असतं, नेमकं तेवढंच ते बिघडलं होतं.

"काका, कडं हललंच नाही!"

"हलणार कसं, मॅडम? त्याच्या दोन्ही बाजू गोंदाने नळीला चिकटवल्यात. तुम्हीच सांगितलं होतं की."

ठकूने कपाळावर हात मारून घेतला. मागच्या खेपेला दादाने नमुना कानाशी धरून हलवला होता आणि म्हणाला होता, "खुळखुळा झकास झालाय, एखाद्या बाळाला देऊ?" ते तिला इतकं झोंबलं की तिने फणकाऱ्याने दोन्ही बाजूंना गोंद ठोकायला लावला. आवाज बंद झाला. कड्याचं फुगणंही वाया गेलं.

"तेव्हा मलाही सुचलं नाही," काका पुटपुटले.

"अहो, पण आराखडा बरोबर आहे! चूक माझी आहे!" ठकू जवळजवळ नाचत होती. इतक्या आनंदाने चूक कबूल करणारं माणूस दादाने आजवर पाहिलं नव्हतं.

दुसरा नमुना बसला. आता गोंद एकाच कडेला, आणि दुसरीकडे कागदासारखा पातळ, लाटदार, स्प्रिंगसारखा दबणारा वॉशर, म्हणजे कडं खुळखुळणार नाही आणि त्याला सरकायला जागाही राहील. पेटी पुन्हा तापली. रेघा जागच्या जागी राहिल्या, अगदी कोरल्यासारख्या. ठकूने काकांना गदागदा हलवलं.

"पेटीत काय, कुणीही टिकेल," दादा म्हणाला. पण त्याच्या मिशा हसत होत्या. "चल माझ्या खोलीत."

दादाची खोली म्हणजे दलाच्या सरावाच्या इमारतीतली, मुद्दाम पेटवतात ती. ठकू अंगणात पडद्यासमोर बसली, हातात रेडिओ घट्ट धरून. बाहेर बोचरा वारा होता. शेजारी दलातला एक जण तो जड कॅमेरा मांडीवर घेऊन तयारच होता. हेल्मेटवर नवं भिंग चढवून दादा आत शिरला आणि धुराखाली वाकला. पडद्यावर विटांच्या फटी दिसल्या, कोपऱ्यातली लोखंडी खाट दिसली, तिच्या पायांवरचा गंजसुद्धा दिसला. खोली तापत गेली, पण चित्र तसूभरही ढळलं नाही.

खाट सरकवायला दादाचे हात पुढे आले, आणि ठकू ताडकन उठली.

"दादा! डावा हातमोजा! मनगटावरचा पट्टा सुटलाय, कातडी दिसतेय. आधी तो लाव!"

हात थबकला. उजवा हात आला, त्याने पट्टा ओढून घट्ट केला.

"ठके," दादा म्हणाला, आणि या वेळी आवाजात थट्टा नव्हती, "मास्कच्या काचेतून मला तो दिसत नव्हता गं."

शेजारच्याने मांडीवरचा जड कॅमेरा खोक्यात ठेवून दिला.

"मला दिसतंय!" ठकू रडत, हसत ओरडली. "सगळं दिसतंय रे!"

"मग बघत राहा," दादा म्हणाला. "मी पुढे जातोय."