खासगी विंडो

"यात नाही चालणार बाबा, ब्राउझर जुना झालाय," सून म्हणाली. "नवा टाकावा लागेल."

"कोणी सांगितलं?"

"वेबसाइटनंच."

"म्हणजे चोरानंच सांगायचं, दार कसलं बसवा ते!"

सून हसली आणि तिने नवा ब्राउझर टाकला. घरात सगळे तिच्या सासऱ्यांना तपासनीस म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचा थोडा अभिमानही होता. बसमध्ये मध्येच चढायचं आणि तिकिटं तपासायची, यात त्यांची उभी हयात गेली होती. झोपलेला माणूस खरा झोपलाय की सोंग घेतोय, हे ते दारातून ओळखत. निवृत्तीनंतर बस सुटली, संशय तेवढा घरी आला. दूधवाला आज इतका गोड का बोलला, शेजाऱ्याने विनाकारण तब्येतीची चौकशी का केली, यात त्यांची सकाळ मजेत जायची.

पण डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. बायकोचं स्वरयंत्र काढावं लागणार होतं आणि त्यानंतर आवाज राहणार नव्हता. तिने बसस्थानकावर गाड्या पुकारण्यात नोकरी काढली होती. तिचा आवाज ऐकून माणसं हातातला चहा टाकून पळत. घरात मात्र तो आवाज मऊ व्हायचा आणि मुलाला रुसलेल्या बसची गोष्ट सांगायचा. ती गोष्ट तिने स्वतःच रचली होती. मुलगा आता नोकरीसाठी परगावी होता, सुनेला सातवा महिना होता, आणि सुनेनेच हट्ट धरला होता की आईंची गोष्ट बाळासाठी त्यांच्या आवाजात राहिली पाहिजे. मधले खोकले नंतर कापता येतील, एक फुकटची वेबसाइट आहे, सगळं तिथेच करता येतं, असं तिने सांगितलं.

त्या वेबसाइटच्या अटींचं पान तपासनीसांनी चष्मा लावून, बोट फिरवत वाचलं. मोबाइलवर चालणार नाही, कॉम्प्युटरच हवा. मेमरी इतकी हवी. ब्राउझर दोनच चालतील, तेही नवे. कॅमेरा आणि माइक वापरायची परवानगी द्या. आणि सगळ्यात खाली लिहिलं होतं, खासगी विंडोत काम करू नका.

"ही खासगी विंडो म्हणजे तीच ना, जिच्यात माग राहत नाही?"

"हो. ती उघडूच नका म्हणजे झालं. बाकी आपल्याकडे सगळं बसतंय." सुनेला कामावर जायला उशीर झाला होता. ती पर्स उचलून निघालीसुद्धा.

तपासनीस त्या अटीकडे बघत बसले. ज्यात आपला माग राहत नाही, नेमकं तेच यांना नको! फुकट देतायत ते उगाच नाही. बायकोचा चेहरा, तिचा आवाज, घरातलं बोलणं, सगळं उचलून नेतील आणि आपण बसू बघत. त्यांनी खासगी विंडोच उघडली. वर एक पिवळी सूचना आली. ती त्यांनी न वाचता बंद केली. विनातिकीट माणूस खूप बोलतो, हा त्यांचा जुना अनुभव होता.

गळ्याला दवाखान्यातली पट्टी लावलेली बायको केस विंचरून समोर येऊन बसली. कॅमेऱ्यावर त्यांनी पूर्वीच चिकटपट्टी लावून ठेवली होती. ती पट्टी ते नखाने खरवडू लागले.

"अहो, माझ्या गळ्याची पट्टी याला लावलीत होय?"

"तू बोलू नकोस. गोष्टीपुरतं राखून ठेव."

तिने गोष्ट सांगितली. मध्ये मध्ये खोकली, पाणी प्यायली, पुन्हा सुरू झाली. तपासनीसांचं मात्र सारं लक्ष कॅमेऱ्याच्या दिव्याकडे होतं. तो मध्येच लुकलुकतोय का, एवढंच ते बघत होते. मग दिवसभर बसून त्यांनी खोकले कापले. खोकला तेवढा शोधायचा, कापायचा, पुढे जायचं. कोपऱ्यात 'जतन झाले' असं येत होतं. दवाखान्यात भरती व्हायची वेळ झाली तेव्हा थोडे खोकले उरले होते. आल्यावर बघू, म्हणून त्यांनी विंडो बंद केली आणि पट्टी पुन्हा जागेवर चिकटवली.

ऑपरेशन नीट पार पडलं. बायको शुद्धीवर आली, तिने त्यांचा हात दाबला. तपासनीस घरी येऊन अंघोळ करून कॉम्प्युटरपुढे बसले. पान उघडलं. गोष्ट नव्हती. पुन्हा उघडलं, बंद केलं, उघडलं. काहीच नव्हतं.

"तू हात लावलास याला?" सून दारातून आत येते न येते तोच ते ओरडले. "तूच पुसलंस! जागा करायला पुसलं असशील!"

"मी? बाबा, मी शिवलेसुद्धा नाही." तिने पर्स ठेवली, वाकून पडद्याकडे बघितलं. "कुठल्या विंडोत केलं होतंत?"

त्यांनी बोटाने खासगी विंडोचं चिन्ह दाखवलं.

"बाबा, तिथलं सगळं बंद केल्याबरोबर पुसलं जातं. हे लोक काही नेत नाहीत. सगळं इथंच असतं, आपल्याच ब्राउझरमध्ये. म्हणून तर लिहिलंय तसं. डाउनलोड तरी केलं होतंत का?"

"खोकले उरले होते," ते म्हणाले.

सून खाली बसली आणि पोटावर हात ठेवून रडू लागली. त्यांच्यावर ती रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांना पकडलं होतं. पकडला गेलेला माणूस खाली का बघतो, ते त्यांना आज कळलं. चोर कोणी आलाच नव्हता. तिचा आवाज त्यांनी स्वतःच घालवला होता.

संध्याकाळी दोघं दवाखान्यात गेली. बायको उशीला टेकून बसली होती, गळ्याला नळी होती. तपासनीस पलंगाशी उभे राहिले.

"अगं, गेलं ते. गोष्ट गेली. हिचा काही दोष नाही, माझ्यामुळे गेली."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. तपासनीस जागचे हलले नाहीत, तिच्या पाठीवर हात ठेवायचाही त्यांना धीर झाला नाही.

मग ती वळली. डोळे पुसून तिने सुनेच्या पोटाकडे बोट दाखवलं आणि मग तपासनीसांच्या तोंडाकडे.

"मला कुठे येते ती गोष्ट? मी असायचो ड्यूटीवर."

तिने ओठ हलवले. ते खाली वाकले.

"एक... बस... होती," त्यांनी तिच्या ओठांवरून ओळखून म्हटलं.

तिने मान हलवली. सुनेने मोबाइल काढून समोर धरला. ते रेकॉर्डिंग कुठे जाणार, हे तपासनीसांनी विचारलं नाही. ते बायकोच्या ओठांकडे बघत होते आणि एकेक शब्द मोठ्याने म्हणत होते. त्यांचा आवाज दरडावणारा होता, गोष्टीचा नव्हता. बस रुसली तिथे ते चुकले. तिने पलंगाच्या दांडीवर बोटाने टकटक केलं.

"पुन्हा?"

तिने मान हलवली. त्यांनी घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. सुनेचा हात भरून आला होता, पण तिने मोबाइल खाली घेतला नाही.