बाईंची गाडी

"बाईंची गाडी आज तू लाव गं. रोज तेच तेच बांधून माझी बोटं झिजायला आली."

"हळू बोल. इथंच कुठंतरी असतील. पायाला भिंगरी आहे त्यांच्या."

मधे ओल्या चादरींची रांग होती, म्हणून त्या दोघींना बाई दिसल्या नाहीत. बाई मात्र हातभर अंतरावर उभ्या होत्या. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी मुठीत घट्ट धरला, वाजू नये म्हणून. आपल्याच धुलाई केंद्रात आपणच चोरासारखं उभं राहायचं म्हणजे कमालच, असं त्यांच्या मनात आलं. 'बाईंची गाडी' म्हणजे तपासणीची ढकलगाडी, हे त्यांना ठाऊक होतं. पण 'तेच तेच' म्हणजे काय?

हॉस्पिटलांच्या चादरी इथे धुवायला येत. धुवायच्या, वाळवायच्या, रोलरवर इस्त्री करायची, घड्या घालून गठ्ठे बांधायचे आणि दुपारच्या टेंपोत चढवायचे. बाईंची उमेदीची वर्षं घडीच्या टेबलावर गेली. समोर थोरली असे. वयानं सगळ्यांत मोठी, म्हणून जगाची थोरली. चादरीची दोन टोकं हिच्या हातात, दोन तिच्या. तोंडं अखंड चालू, आणि हात त्याहून जास्त. मग साहेबांनी बाईंना इन्चार्ज केलं, आणि दुसऱ्या दिवसापासून थोरली 'अगं ए'ची 'मॅडम'वर आली. टेबलावरचे विनोदही बाई जवळ आल्या की गप्प होऊ लागले.

तेही सोसलं असतं. पण मध्यंतरी एक गठ्ठा दमट गेला. हॉस्पिटलातून फोन आला. साहेब रागावलेसुद्धा नाहीत, "जरा लक्ष ठेवा" एवढंच म्हणाले. बास. ते तीन शब्द बाईंच्या डोक्यात भुंग्यासारखे शिरले ते शिरलेच. तेव्हापासून बांधलेले गठ्ठे त्या सोडून बघत. घरी रात्री उठून गॅस बघत, मग दाराची कडी, मग पुन्हा गॅस. "आई, तू घरातपण राउंड मारतेस," लेक एकदा म्हणाली आणि कूस बदलून झोपली. नवरा पलीकडच्या नव्या केंद्राच्या बातमीनं खूश होता. ते केंद्रही बाईंनीच सांभाळावं असं साहेबांच्या मनात होतं, आणि आज त्यांना होकार हवा होता. नवऱ्यानं तर आपल्या भावाला कळवूनही टाकलं होतं. बाईंना कुणी विचारलं नव्हतं असं नाही. "करशील ना?" असं विचारलं होतं. त्याला 'नाही' म्हणायची सोय कुठे असते?

बाई दाराजवळच्या गाडीपाशी आल्या. चहाचा कप वरच्या गठ्ठ्यावर ठेवला, मग डाग पडेल म्हणून उचलला, मग खिडकीत ठेवला आणि विसरल्या. पहिला गठ्ठा सोडला. ठीक. दुसरा, ठीक. तिसऱ्यातली हिरवी चादर उलगडली आणि त्यांचे हात थांबले.

कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याचं रफू होतं. थेट माशासारखं. कालही एका चादरीवर असाच मासा बघून त्या स्वतःशी हसल्या होत्या, की बाकी सगळं बिघडलंय, शेपटी तेवढी छान जमलीय. ती चादर काल दुपारीच टेंपोनं गेली असणार. हॉस्पिटलात जाऊन, वापरून, धुऊन एका रात्रीत परत? त्यांनी खालची चादर ओढली. कडेला निळ्या शाईचा ठिपका. हाही ओळखीचा.

"ही गाडी कधी जाते गं?" त्यांनी विचारलं.

थोरली गुळगुळीत चादर आणखी गुळगुळीत करत राहिली. "जाते की."

"कधी?"

"मॅडम, चहा गार होतोय तुमचा."

"गाडीच ती," बॉयलरकाका कोपऱ्यातून म्हणाले, "कधी ना कधी सुटणारच." कुणी हसलं नाही. काकांनी स्वच्छ चष्मा काढून पुन्हा पुसायला घेतला.

थोरलीनं चादर खाली ठेवली. "तुम्ही सोडलेलं पुन्हा बांधेस्तोवर टेंपो जायचा. मग तिकडून फोन, मग तुम्हाला ताप. म्हणून ही एक तुमच्यासाठी वेगळी काढून ठेवली, ती कुठं जात नाही. बाकीचे गठ्ठे मी बघते. पोरींना काही बोलू नका, मीच सांगितलं त्यांना."

"कधीपासून?"

बाईंना राग यायला हवा होता. तो त्यांनी शोधला, पण सापडला नाही. त्यांनी गाडीची कड धरली तशी गाडीच मागे सरकली. मेली तीही एका जागी थांबेना.

तेवढ्यात साहेब आले. येताना पेढ्यांचा पुडा आणलेला. म्हणजे होकार त्यांनी घरूनच धरून आणला होता.

"सगळे ऐका रे," ते म्हणाले. "महिनाभर एक तक्रार नाही. ही बाईंची नजर. मला तिकडेही अशीच नजर हवी. काय बाई, धरून चालू ना?"

टेबलावरचे हात चालू होते, पण एकीचीही घडी पुरी होत नव्हती. 'तक्रार नाही' ऐकून चादरींमागून आलेल्या त्या दोघी खाली बघू लागल्या. बाईंनी थोरलीकडे पाहिलं.

"साहेब, मॅडमना जरा..." थोरली म्हणाली आणि पुढचं गिळलं. "जरा विचार करायला वेळ द्या."

"विचार कसला करायचा त्यात?" साहेब हसले आणि पुड्याची दोरी सोडू लागले. गाठ सुटेना.

बाईंनी सवयीनं हात पुढे केला, पुडा घेतला, गाठ सोडली. गाठी सोडणं आता त्यांना झोपेतही जमलं असतं, झोप आली असती तर. पुडा त्यांनी न उघडताच टेबलावर ठेवला.

"साहेब, या महिन्यात गेलेला एकही गठ्ठा मी बघितलेला नाही."

"असं कसं? तुम्ही तर रोज..."

"मी रोज एकच गाडी सोडत बसते. तीच. मला आज कळलं. बाकीचं सगळं हिनं आणि या पोरींनी बघितलं, मला सांभाळून घेत."

साहेबांना तो विनय वाटला असावा. ते हसायला गेले, मग टेबलाभोवतीचे चेहरे पाहून थांबले. थोरलीनं काहीतरी धरायला हवं म्हणून त्या माशाच्या चादरीची दोन टोकं उचलली. समोरची दोन तशीच लोंबत राहिली. बाईंनी जुन्या सवयीनं ती हातात घेतली.

"मला बरं नाहीये, साहेब," त्या म्हणाल्या. "बऱ्याच दिवसांपासून बरं नाहीये."