कापूस गुंडाळलेल्या सोंगट्या

दूर कुठल्या मुलखात लढाई जुंपली आणि अकोल्यात कापसाला सोन्याचा भाव आला. गाव नुसतं वेडं झालं. पूर्वी दुपारी सूर्यभान आणि बद्रुद्दीन यांच्या पचिशीभोवती बघ्यांचा गराडा पडे. आता सगळे कापसाच्या गाड्यांमागे धावत. निंबाखाली पट अंथरून बसत ते हे दोन म्हातारेच.

सूर्यभानच्या डोळ्यांवर पडदा आला होता. लाल सोंगटी कुठली, हिरवी कुठली, कळत नसे. कवड्या तो बोटांनी चाचपून मोजी. हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं की खेळ बंद, मग दिवसभर ओट्यावर माशा मारत बसा. पण नवल असं, की दिवाळीपासून रोज तोच जिंकत होता. ज्या बद्रुद्दीनने उभ्या जन्मात एक घर फुकट सोडलं नाही, तो मुकाट हरत होता. सूर्यभानचं डोकं चक्रावलं. ह्याला कळलं की काय? कीव करतो की काय? त्याला घास गोड लागेना.

एका दुपारी त्याने परीक्षाच घेतली. कवड्या टाकल्या, चाचपल्या. दोन पडले होते.

"पंचवीस," तो बिनदिक्कत म्हणाला.

"चाल मंग," बद्रुद्दीन म्हणाला.

सूर्यभान भडकला. "मले भीक घालून राहिला का बे? दोन पडले. तुले दिसत नाई?"

बद्रुद्दीनचा हात कवड्या शोधत पटावर भलतीकडेच फिरला. "नाई दिसत," तो म्हणाला. "पावसाळ्यापासून. तू सांगतं तेच मी धरतो."

"मंग इतके दिवस जिंकलं कोन?"

"तू म्हने, मी जिंकलो. मले वाटे, जिंकला असशील."

"मलेबी नाई दिसत बे," सूर्यभानने कबूल केलं.

कोण कोणाच्या सोंगट्या हलवत होतं, देव जाणे. शेवटी सूर्यभानने जाणाऱ्या गाडीतून मूठभर कापूस ओढला आणि रंगाच्या भानगडीत न पडता, एकाच्या तरी हाताला ओळखू याव्यात म्हणून, चार सोंगट्यांना गुंडाळून वर दोरा बांधला.

दुसऱ्या दिवशी मऊ सोंगटी हाताला लागली आणि तो थबकला. "कापसाच्या तुह्या ठरल्या का माह्या?"

बद्रुद्दीनने बराच विचार केला. "याद नाई."

दोघांनी सोंगट्या पुन्हा चाचपून पाहिल्या.

"तूच घे," बद्रुद्दीन म्हणाला. "हारलो तरी उद्या येतोच मी. घरी कोन बसते माह्यासंग खेळाले?"

सूर्यभानने कवड्या टाकल्या, चाचपल्या. "दोन."

बद्रुद्दीनने वाकून, एकेक कवडी हाताने तपासून पाहिली. सूर्यभानला फार बरं वाटलं.