वीबेंना कुणी विचारलं नव्हतं

रिन्स्केने झुडपाखाली लपवलेली बरणी उचलली आणि झाकण घट्ट फिरवलं. पोलिसांच्या श्वानपथकातली तिची कुत्री बोरा अजून तिथेच बसून होती, शाबासकीची वाट बघत.

"संपला सराव?" पथकप्रमुख हारस्मा साहेबांनी कुंपणापलीकडून विचारलं.

"थांबवला. या बरणीत वीबे तेर्पस्त्रा नावाच्या माणसाच्या मांडीचा तुकडा आहे. त्यांचा देहदानाचा कागद मी काल मागवून वाचला. 'डॉक्टरी शिक्षणासाठी' एवढंच लिहिलंय त्यात. पोलिसांचा, कुत्र्यांचा उल्लेखसुद्धा नाही."

"अगं, मेलेल्या माणसाला काय त्याचं? कालव्यात बुडालेली प्रेतं मग शोधायची कशी, डुकराच्या मांसावर शिकवून?"

"शिकवू या ना. पण विचारून."

"मग जा, विचार!" साहेब हसले. "बायको असेल त्याची. सही आण, म्हणजे मिटलं."

दुपारी वीबेंच्या बायकोने, आफ्केने, तिला कॉफी दिली, सोबत मोजून एक बिस्किट. रिन्स्केने काहीही न लपवता सगळं सांगितलं. ऐकता ऐकता म्हातारीने कप बाजूला सारला.

"कुत्र्यापुढे? अगं, एकतीस वर्षं टपाल वाटलं त्यांनी. तीनदा कुत्री चावली. पुढे पुढे तर लांबून कुत्रं दिसलं तरी सायकल वळवायचे. आणि तुम्ही त्यांना... कुणाला विचारलंत?"

"कुणालाच नाही, आजी."

"लाज नाही वाटली?"

"वाटली. म्हणूनच आले." आफ्केने हळू आवाजात विचारलं, "तोंड लावलं का त्या कुत्रीने?"

"नाही. वास लागला की शेजारी बसते. मी येईपर्यंत हलत नाही."

म्हातारीने चष्मा लावला, रिन्स्केने आणलेला संमतीचा कागद पुढ्यात ओढला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं.

रिन्स्के परतली तेव्हा साहेब निघायच्या तयारीत होते.

"झाली सही?"

तिने कागद टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, उलटून मागची बाजूही पाहिली.

"यात तर 'नाही' लिहिलंय."

"हो. उद्या मी वीबेंना घरी पोचवणार आहे."

"बरं, पोचव. एकानं काय होतंय?"

रिन्स्केने कपाटाच्या किल्लीसाठी हात पुढे केला.

"आत अजून अकरा बरण्या आहेत, साहेब. त्यांची नावं द्या."