ॲव्हरिलांना कुठे उतरवायचं

टॅलो बे गावात माणसाची किंमत त्याच्या खापरपणजोबाच्या पायांवरून ठरते. कोण कुठल्या गलबतातून आला, बूट घालून आला की बेड्या घालून, हे इथे पोराला बाराखडीच्या आधी शिकवतात. बूटवाल्यांची नातवंडं टेकडीवर राहतात. बेडीवाल्यांची नातवंडं धक्क्याजवळ, मासळीच्या वासात. आणि दोघांनाही आपापल्या जागेचा अभिमान आहे, हे या गावाचं खरं दुखणं.

गावात पहिला उतरला तो कॅप्टन जोसाया ॲव्हरिल. होडी वाळूपर्यंत येईना आणि साहेबांचे बूट नवे. म्हणून तो अमोस स्ट्राउड नावाच्या कैद्याच्या पाठीवर बसला आणि कोरड्या पायांनी किनाऱ्याला लागला. अमोसने त्याला वाळूत उतरवलं, तेव्हा कॅप्टन म्हणाला, ‘राजाच्या नावाने या भूमीवर मी पहिलं पाऊल ठेवतो.’ हे वाक्य किनाऱ्यावर पितळी पाटीवर कोरलेलं आहे. तोवर अमोसची दोन पावलं कशावर उभी होती, हे पाटीवर नाही.

दर ऑगस्टात, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, कुत्रंदेखील पाण्यात जायला मागत नाही अशा थंडीत, हा सगळा प्रकार पुन्हा होतो. त्याला उतरण-दिवस म्हणतात. ॲव्हरिलांचा वडीलधारा स्ट्राउडांच्या पाठीवर बसून कंबरभर पाण्यातून येतो, वाळूत उतरतो, तेच वाक्य म्हणतो, बँड वाजतो. स्ट्राउड लोक याला मान समजत आले. मर्ल स्ट्राउडचा बाप, क्लॅरी, आदल्या दिवशी तो जाडाभरडा कैद्याचा सदरा स्वतः इस्त्री करायचा आणि इतर कुणाला हात लावू द्यायचा नाही.

मर्लला लहानपणी त्या सदऱ्याचं कौतुक होतं. पुढे तिला त्याचा तिटकारा आला, आणि बाप गेला त्या साली तिने डूख धरला.

त्या साली उतरण-दिवशी क्लॅरी तापाने फणफणला होता. दुकानाच्या मागच्या खोलीत घोंगडी पांघरून पडला होता आणि मर्ल पुढे मासे तळत होती. रूपर्ट ॲव्हरिल दारात आला. आत नाही आला, तळणाचा वास कोटाला लागतो ना. दारातूनच म्हणाला, “दहा मिनिटांचं तर काम आहे, क्लॅरी. तुझे पूर्वज बेड्या घालून करायचे.” क्लॅरी हसला आणि उठला. मर्लच्या हातात झारा होता. तो तिने मारला नाही, याचं तिला अजून वाईट वाटतं. क्लॅरीला न्यूमोनिया झाला आणि महिना उलटायच्या आत तो गेला.

अंत्यविधीला रूपर्टने सगळ्यात मोठं पुष्पचक्र पाठवलं. थडग्याचा दगडही त्यानेच दिला. त्यावर कोरून घेतलं, ‘क्लॅरेन्स स्ट्राउड. ॲव्हरिल घराण्याला शेवटपर्यंत वाहिलं.’ जन्म नाही, मरण नाही, बायकोमुलांची नावं नाहीत. मर्लच्या आईने त्याचे हात हातात घेऊन आभार मानले. त्या आभारांबद्दल मर्लने आईला ती मरेपर्यंत माफ केलं नाही, आणि नंतरही केलं की नाही कुणास ठाऊक.

त्यानंतर मर्लचा भाऊ केल्विन वाहू लागला. मग त्याची कंबर गेली आणि तो बायकोच्या माहेरी दूर उत्तरेला राहायला गेला. यंदा उतरण-दिवसाला दीडशे वर्षं होणार, गव्हर्नर येणार, टीव्हीवाले येणार. रूपर्टने सभेत जाहीर केलं की दुर्दैवाने स्ट्राउडांचा वंश संपला, तेव्हा रग्बी क्लबातला कुणी धडधाकट पोरगा घेऊ. मर्ल मागच्या बाकावर बसली होती. पन्नाशी उलटलेली, मासळीच्या पेट्या उचलून उचलून खांदे दारासारखे झालेले. ती उभी राहिली आणि म्हणाली, “संपला कसा? मी बसलेय की इथं. मी नेते.”

सभेत हशा पिकला. रूपर्टही हसला. मग त्याच्या डोक्यात टीव्हीवाले आले असावेत. म्हणाला, कल्पना वाईट नाही, बाईमाणसाने वाहिलं तर वर्तमानपत्रांना नवीन काहीतरी मिळेल.

दुसऱ्या दिवसापासून मर्ल बटाट्यांचं पोतं पाठीवर घेऊन समुद्रात उतरू लागली. मासे-बटाट्यांच्या दुकानाला पोत्यांची काय कमी. होडी थांबते तिथून वाळूपर्यंत जायचं, परत यायचं. मधे एके ठिकाणी तळ एकदम खोल जातो, तिथे ती थांबायची आणि पोतं अलगद सोडून द्यायची. इथेच. रूपर्टलाही, गव्हर्नरसमोर, बँडसमोर, डोक्यावरच्या कॅप्टनच्या त्या तीन टोकांच्या हॅटसकट.

खडकांवर नेरिडा मावशी गळ टाकून बसलेली असायची. तिची माणसं या किनाऱ्यावर गलबतांच्या कितीतरी आधीपासूनची. सगळं गाव तिला मावशी म्हणतं, आणि उतरण-दिवसाला मात्र बोलवायला विसरतं. चौथ्यांदा पोतं बुडालेलं पाहून ती म्हणाली, “बटाट्यांनी काय घोडं मारलंय तुझं?”

मर्लने खरं ते सांगितलं. मावशीला सांगायला लाज कसली.

“टाकशील, आणि मग?” मावशी गळाकडे बघत म्हणाली. “भिजेल. टॉवेल देतील. संध्याकाळी जेवणात उभा राहून तोच सांगेल, बायकांना वजन पेलत नाही हो. सगळे हसतील. पुढची शंभर वर्षं पोरं शिकतील, एक स्ट्राउड बाई होती, धांदरट.”

मर्लच्या ओठांवरचं पाणी खारट लागलं. तिने विचारलं, मग काय करू?

“मला काय विचारतेस. आमच्या घरात तुम्हा दोन्ही घराण्यांची गोष्टच वेगळी आहे. माझ्या खापरपणजीने याच खडकावरून बघितलं. ती सांगायची, समुद्रातून एक जनावर आलं. दोन डोकी, चार हात, दोनच पाय. आमची माणसं पोट धरधरून हसली. मग वाळूत त्याचे दोन तुकडे झाले, आणि तिथून आमचे भोग सुरू झाले.” तिने गळ ओढला, आमिष खाऊन मासा पसार झाला होता. “खालच्या तुकड्याने वरच्याला तिथंच का सोडलं, हे मात्र तिला कधी कळलं नाही.”

मर्लने बुडी मारून पोतं वर काढलं. त्यानंतर ती पोतं घेऊन वाळूत थांबेना. वाळू ओलांडून होड्यांच्या उतारावरून वर, रस्ता पार करून पबच्या बाजूने, पाइनच्या झाडांखालून टेकडीवर दफनभूमीच्या फाटकापर्यंत जायची आणि यायची. पबच्या पायरीवरच्यांनी विचारलं, मर्ल, बटाटे पुरायला नेतेस की काय? ती म्हणायची, गुडघे पक्के करतेय.

उतरण-दिवस उजाडला. आकाश स्वच्छ, वारा बोचरा. गव्हर्नर कोरड्या वाळूत जाजमाच्या निळ्या पट्ट्यावर उभा, शेजारी महापौर, मागे बँड, आणि कुंपणाला लगडलेलं सगळं गाव. होडी थांबली. बापाचा सदरा घालून मर्ल पाण्यात उभी होती. गार पाण्याने मांड्या बधिर झाल्या होत्या. रूपर्ट तिच्या पाठीवर चढला आणि कानाशी म्हणाला, “जपून हं. हॅट भाड्याची आहे.”

ती चालू लागली आणि चकितच झाली. माणूस हलका होता. पायांच्या नळ्या तिच्या हातात काटक्यांसारख्या लागत होत्या. इतकी वर्षं तिने एका अगडबंब माणसाचा द्वेष केला होता, आणि हा अर्ध्या पोत्याएवढाही नव्हता. त्याने तिचा राग कमी व्हायला हवा होता. उलट वाढला. एवढ्याशा माणसाला माझा बाप घाबरला?

खोल जागा आली, गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती वाळूत आली, निळ्या पट्ट्याशी पोहोचली. रूपर्टने घसा साफ केला आणि पाय सैल सोडले. मर्लने हातांची पकड घट्ट केली आणि गव्हर्नरला मान लववून त्याच्या बाजूने पुढे निघाली.

“अगं, झालं. इथं,” रूपर्ट पुटपुटला.

मर्ल चालत राहिली. आणि इथे टॅलो बे गावाने स्वतःला साजेसंच केलं. दीडशेव्या वर्षी काहीतरी जास्तीचं बसवलं असणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. उतरण-दिवशी जे घडतं तो इतिहास, आणि इतिहासाला अडवायचं नसतं. बँडमास्तरने क्षणभर विचार केला आणि बँड घेऊन मागे निघाला. बँड निघाला म्हणून महापौर, महापौर निघाला म्हणून गव्हर्नर. लोकांनी वाट करून दिली. पोराटोरांनी कागदी झेंडे हलवले आणि रूपर्टलाही हात हलवावा लागला.

उतारावर तो दातांवर दात ठेवून म्हणाला, “खाली ठेव मला. हा काय वेडेपणा आहे?” ओरडणार कसा? पुढे टीव्हीवाला उलटा चालत होता. पाठीवर हातपाय झाडणारा ॲव्हरिल सगळ्या देशाने पाहिला असता. तेव्हा तो हसतमुखाने शिव्या देत राहिला. पबपाशी त्याने तिला दुकानाचा परवाना रद्द करवण्याची धमकी दिली. पाइनच्या झाडांखाली त्याचा सूर उतरला.

“मर्ल, थंडी वाजतेय गं मला. कपडे भिजलेत. माझं वय बघ.”

“दहा मिनिटांचं तर काम आहे, साहेब,” मर्ल म्हणाली.

 पाठीवरच्या माणसाने ते शब्द ओळखले, हे तिला कुशींवर आवळलेल्या त्याच्या गुडघ्यांवरून कळलं. शेवटच्या चढावर तिची छाती फुटायला आली होती, तळपायाला खडे रुतत होते. पण तिथे तिला कुणी मारून टाकलं असतं तरी ती चार पावलं चालून मगच पडली असती.

क्लॅरीच्या दगडासमोर तिने त्याला उतरवलं. बँड विस्कळीत होत थांबला. लोक थडग्यांमधून जागा शोधत गोल उभे राहिले.

“हे तुम्हीच कोरून घेतलंत. वाचा,” ती म्हणाली.

रूपर्टने पुटपुटत वाचलं.

“मागं ऐकू जात नाही.”

त्याने मोठ्याने वाचलं. ॲव्हरिल घराण्याला शेवटपर्यंत वाहिलं. वाचून त्याने गव्हर्नरकडे पाहिलं. गव्हर्नर दगडाकडे पाहत होता.

“त्या दिवशी बाबांना ताप होता. तुम्हाला माहीत होतं?”

भाड्याची हॅट हातात घेऊन तो उभा होता. ओले मोजे घोट्याशी गोळा झाले होते. नाही म्हणाला असता तर कोण साक्षीला येणार होतं? पण मर्ल दोन्ही हात पुढे करून उभी होती, पुन्हा उचलायला तयार असल्यासारखी, आणि तो त्या हातांना भ्याला.

“होतं,” तो म्हणाला.

“दारात उभं राहून काय म्हणालात?”

“दहा मिनिटांचं काम आहे म्हणालो.” मग, कुणी विचारलं नसताना, “तो नाही म्हणेल असं वाटलंच नाही. स्ट्राउड कधी नाही म्हणतच नाहीत.”

गर्दीत कुणीतरी सवयीने टाळी वाजवली आणि एकट्यानेच थांबवली. मर्लने बापाचा ओला सदरा अंगातून काढला, घडी घालून दगडावर ठेवला आणि बनियनवरच टेकडी उतरून गेली. मागे रूपर्टने पुतण्याकडे पाहिलं, मग बँडमधल्या पोरांकडे. खांदा कुणी दिला नाही. ॲव्हरिल टेकडीवरून स्वतःच्या पायांनी खाली आला, आणि त्याला तीन वेळा बसावं लागलं. हे मर्लला नंतर कळलं, आणि तिने ते चवीने पुन्हा पुन्हा सांगायला लावलं.

संध्याकाळी ती खडकांवर गेली. पाठ ठणकत होती, पायांना पट्ट्या बांधल्या होत्या. नेरिडा मावशीने सरकून जागा दिली.

“बघितलं मी इथनं,” मावशी म्हणाली. “तेच जनावर. दोन डोकी, दोन पाय. या खेपेला टेकडी चढलं.” ती हसली, आणि मग तिने मर्लला सोडलंही नाही. “पण एक सांगू? तुझ्या अख्ख्या घराण्यात ॲव्हरिलला इतक्या लांब कुणी वाहिलं नव्हतं. अमोसने नाही, तुझ्या बापाने नाही. तू वाहिलंस.”

मर्लच्या हे ध्यानात आलं नव्हतं. तिला ते लागलं. हातात त्या काटक्यांसारख्या नळ्या अजून असल्यागत तिने हात झटकले.

“वाहिलं,” ती म्हणाली. “पण उतरवायचं कुठं, ते मी ठरवलं.”

मावशीने यावर मान डोलावली की गळाला झटका बसला म्हणून ती पुढे झुकली, हे सांगता येत नाही. मासा चांगला हातभर होता. मर्लने तो तिथेच साफ केला आणि तळायला दुकानावर घेऊन गेली.