नोटेमागचं घर

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात एक लहानसा प्रदेश होता. तो कोणत्याच देशाच्या ताब्यात न देता अनेक देशांच्या मंडळानं काही वर्षं चालवला. त्याच्या स्वतःच्या नोटा होत्या. त्या मी तीस वर्षं जमवतो आहे. का, ते मला नीट सांगता येत नाही. सातांपैकी सहा मिळाल्या होत्या. सर्वांत लहान किमतीची काही मिळेना. लहान नोटा लोक वापरून वापरून संपवतात.

ती निघाली माझ्या शेजारच्या बाइंडरकडे. त्याची आई त्याच प्रदेशातली. मंडळाचा कारभार संपला तेव्हा ती सात वर्षांची होती, आईचं बोट धरून आगगाडीनं निघून आली.

"घे पंडिता," बाइंडर म्हणाला. "हिच्यात आता कोणी पुडीसुद्धा बांधून देणार नाही. आठ दिवस डोळे निवव आणि परत दे. आई रोज मागते."

नोट घड्यांनी मऊ पडली होती. मागच्या कोऱ्या भागावर पेन्सिलीच्या पुसट रेघोट्या होत्या. अशा खुणांनी नोटेची प्रत उतरते, हे आम्हा जमवणाऱ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. वाटलं, विश्वासानं दिली आहे, निदान चांगली करून परत करावी. मऊ खोडरबर हलक्या हातानं फिरवला. ओलसर टीपकागदात घालून शब्दकोशाच्या दोन खंडांखाली दाबली. दुसऱ्या दिवशी ती अशी निघाली, की मी स्वतःवर खूश झालो. माझ्या बाबतीत हे क्वचितच होतं.

परत द्यायला गेलो, तेव्हा बाइंडरनं ती उलटली. सुलटी केली. पुन्हा उलटली.

"घर कुठाय?"

"कसलं घर?"

"अरे, आईनं गाडीत काढलेलं. दार, दोन खिडक्या, वर धुराडं. दुसरा कागद नव्हता म्हणून आजीनं ही दिली होती. त्या घराचा फोटोबिटो काही नाही रे."

"मी... साफ केली," मी म्हणालो.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "चल," म्हणाला, "आता तूच दे तिला."

आई पलंगावर उशांना टेकून बसली होती. अलीकडे ती माणसं विसरायची. मी नोट तिच्या हातात दिली.

"मावशी, चूक झाली. मी तुमचं चित्र पुसलं."

तिनं मागच्या बाजूवरून बोट फिरवलं, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग नोट माझ्यापुढे धरली.

"ही आमची नव्हे. आमच्या नोटेवर घर आहे. कुणाची चुकून आली असेल, त्यांची त्यांना देऊन टाका. वाट बघत असतील."

बाइंडरनं ती घेऊन माझ्या खिशात सारली. "ठेव. तुला हवीच होती ना?" त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असायला हवा होता.

"मग आपली कुठाय रे?" आईनं विचारलं.

"शोधतो ना, आई."

त्यानं कपाटाचा वरचा खण उघडला. चष्म्याची घरं, औषधाच्या चिठ्ठ्या, दोऱ्याची रिळं, एकेक काढून तो बाजूला ठेवू लागला.

"नीट बघ," ती पलंगावरून म्हणाली. "तू नेहमी वरवर बघतोस."

मी दाराकडे वळलो होतो.

"पंडिता," तो मागे न बघता म्हणाला, "खालचा खण तू बघ."

मी गुडघे टेकले आणि तिचे कपडे एकेक उलगडून झटकू लागलो.